जाते गहाण घेऊ नये

सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर इच्छापोर हे गाव आहे. हजिऱ्याच्या कारखान्यांत काम करणारी पुष्कळ मराठी कुटुंबे या बाजूला राहतात. कोणी नंदुरबारकडचे, कोणी अमळनेरचे, कोणी जळगावचे. तापी खोऱ्याच्या रेल्वेने आले आणि येथेच राहिले. त्यांपैकी आम्ही आठदहा ख्रिस्ती कुटुंबे आळीपाळीने एकमेकांच्या घरी प्रार्थनेस जमतो. मागच्या पावसाळ्यात अशाच एका घरसभेनंतर चहा घेत असता एका बंधूंनी जो प्रश्न विचारला त्यावर पुढे तीन आठवडे आमची चर्चा चालली. तो प्रश्न एका घरापुरता नाही, म्हणून वाचकांपुढे ठेवीत आहे.

हे बंधू एका कारखान्यात फिटर आहेत. तापीच्या पलीकडे मगदल्ल्यास विमानतळ आहे. तेथे उतरणारी विमाने पाहत त्यांचा मुलगा वाढला आणि वैमानिक होण्याचे त्याने मनात घेतले. भविष्य निर्वाह निधीतील पैसे काढून, बँकेचे कर्ज घेऊन आईबापांनी त्याला शिकवले. मुलाने दोनशे तासांचे उड्डाण पुरे करून परवाना मिळवला. देवाची उपकारस्तुती करण्यासाठी आम्हा सर्वांना जेवण झाले. पण त्यानंतर दीड वर्ष मुलगा घरी बसला. शेवटी एका कंपनीने त्याची निवड केली आणि अट घातली की, आमचे विमान चालवण्याचे खास शिक्षण तू स्वखर्चाने घ्यावेस. खर्च सुमारे वीस लाख रुपये. अमळनेरकडे त्यांची चार एकर कोरडवाहू जमीन आहे, तेवढीच आता गहाण ठेवण्याजोगी उरली होती.

"मास्तर," ते मला म्हणाले, "काम कंपनीचे, विमान कंपनीचे, ते शिकल्याशिवाय घेणार नाही हा हट्टही कंपनीचा. आणि पैसे मात्र आम्ही भरायचे. हे न्यायाचे आहे काय?"

मी शब्बाथ शाळेत मुलांना शिकवतो, म्हणून लोक मला मास्तर म्हणतात. पण त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही.

प्रश्न नीट समजण्यासाठी प्रथम थोडी माहिती हवी. वैमानिकाच्या शिक्षणाचे दोन टप्पे असतात. पहिला व्यावसायिक परवान्याचा. आपल्या देशात त्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण लागते, ते लहान विमानांवर होते आणि त्याचा खर्च सुमारे चाळीस ते साठ लाख रुपये, कित्येकदा त्याहूनही अधिक येतो. पण एवढ्याने प्रवासी विमान चालवता येत नाही. प्रत्येक प्रकारच्या मोठ्या विमानासाठी वेगळे शिक्षण आणि परवान्यावर वेगळी नोंद लागते. तिला टाइप रेटिंग म्हणतात. एअरबस ३२० ची नोंद असलेल्याला बोइंग ७३७ चालवता येत नाही. या शिक्षणात वर्गातील अभ्यास असतो, आणि मग सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच ठेवलेल्या पण हुबेहूब विमानासारख्या वागणाऱ्या यंत्रात, इंजिन बंद पडणे, आग लागणे अशा प्रसंगांचा सराव असतो. त्यानंतर खरे विमान, आणि मग अनुभवी कॅप्टनच्या शेजारी बसून प्रवाशांसह उड्डाणे. आमचा प्रश्न या दुसऱ्या टप्प्याचा होता.

पहिल्या आठवड्यात बहुतेकांचे मत कंपनीच्या बाजूने पडले. आमच्यातील एक वडील मंडळी म्हणाले, "डॉक्टर आपल्या खर्चाने शिकतो, वकील शिकतो. ज्याला पुढे लाखांचा पगार मिळणार त्याने आधी लाख घालावेत, यात अन्याय कोणता? लूकच्या शुभवर्तमानात बुरूज बांधणाऱ्या माणसाला आधी बसून खर्चाचा हिशेब करायला सांगितले आहे. तो हिशेब तुम्ही आधी करायला हवा होता."

कंपन्यांचे दुःखही खोटे नाही. वीस लाख खर्चून माणूस तयार करावा आणि वर्षाच्या आत शेजारच्या कंपनीने चार पैसे अधिक देऊन त्याला उचलावे, असे या धंद्यात नेहमी घडते. पेरणी एकाची, कापणी दुसऱ्याची. २०१७ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नियम केला की, कॅप्टनने नोकरी सोडण्यापूर्वी एक वर्षाची आणि सहवैमानिकाने सहा महिन्यांची सूचना द्यावी. तरीही २०२३ साली अकासा एअर या नव्या कंपनीचे चाळीसहून अधिक वैमानिक सूचनेचा काळ पुरा न करता निघून गेले. उड्डाणे रद्द झाली आणि कंपनीला कोर्टात जावे लागले. ज्या प्रवाशांची तिकिटे वाया गेली त्यांचा यात काय दोष?

दुसऱ्या आठवड्यात चर्चेची दिशा बदलली ती एका तरुणामुळे. तो येथल्याच एका हिऱ्याच्या कारखान्यात पैलू पाडण्याचे काम करतो. तो सहसा बोलत नाही. तो म्हणाला, "मी शिकायला लागलो तेव्हा चार महिने मला मजुरी नव्हती. पण घंटीचे भाडे शेटने माझ्याकडून घेतले नाही."

हिरा ज्या फिरत्या चकतीवर घासतात तिला सुरतेच्या कारखान्यांत घंटी म्हणतात. तिच्याभोवती बहुधा चौघे बसतात. गुजरातीत घंटी म्हणजे जाते. त्या तरुणाच्या बोलण्याचा अर्थ सरळ होता. शिकणाऱ्याने आपला काळ द्यावा, मेहनत द्यावी. पण मालकाच्या जात्याचा खर्च मालकाने करावा. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलही हेच विचारतो की, पदरचे खाऊन लढाईवर जाणारा शिपाई कोणी पाहिला आहे काय. आपले सरकार हवाई दलाच्या वैमानिकाला आपल्या खर्चाने शिकवते आणि त्याबद्दल त्याची वर्षे मागते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यात तर शिकवणाऱ्या मालकानेच शिकाऊ मुलाला विद्यावेतन द्यावे असे आहे. म्हणजे शिकवणाऱ्याने खर्च सोसावा ही कल्पना आपल्याकडे नवी नाही.

मात्र येथे एक अडचण आहे, ती लपवून चालणार नाही. घंटी संध्याकाळी कारखान्यातच राहते. विमानाचे शिक्षण वैमानिकाच्या डोक्यात राहते आणि त्याच्याबरोबर बाहेर जाते. एअरबस शिकलेला माणूस ते विमान असलेल्या दुसऱ्या कंपनीत उद्या जाऊ शकतो. म्हणून हे शिक्षण निव्वळ मालकाचे हत्यार नव्हे, आणि डॉक्टरच्या पदवीसारखी निव्वळ माणसाची मिळकतही नव्हे. ते दोघांचे आहे. जी वस्तू दोघांची, तिचा भार दोघांनी उचलावा हे तर उघड आहे. प्रश्न एवढाच की, कोणी काय उचलावे?

याचा विचार करताना मला वाटते की, पैशाच्या आकड्यापेक्षा धोक्याकडे पाहावे. किंगफिशरची विमाने २०१२ साली थांबली. जेट एअरवेजची एप्रिल २०१९ मध्ये थांबली. गो फर्स्टची मे २०२३ मध्ये थांबली. प्रत्येक वेळी नुकतेच शिकलेले तरुण वैमानिक रस्त्यावर आले. कंपनी बंद पडली तरी बँकेचा हप्ता बंद पडत नाही. शिवाय ही विद्या वापराविना टिकत नाही. वैमानिकाची दर सहा महिन्यांनी परीक्षा असते. विमान न चालवता दिवस गेले की पुन्हा सिम्युलेटरवर सराव, पुन्हा परीक्षा, पुन्हा खर्च. म्हणजे वीस लाखांना घेतलेली वस्तू कपाटात ठेवल्या ठेवल्या जुनी होते.

कंपनी शेकडो वैमानिक ठेवते. त्यांतील दहा निघून गेले तर तिचे नुकसान होते, पण ते भरून निघते. आमच्या बंधूंना मुलगा एक आणि शेत एक. तेथे डाव फसला तर भरून काढायला दुसरे काही नाही. ओझे दोघांचे असले तर ज्याचा खांदा रुंद त्याने जड बाजू धरावी, हे आपण पेटी उचलतानासुद्धा पाळतो.

आणि हा भार कंपनीला खरोखर किती जड आहे? आम्ही कागदावर हिशेब मांडला. समजा, एक सहवैमानिक वर्षाला सातशे तास उडतो आणि एक फेरी दोन तासांची आहे. म्हणजे वर्षाला साडेतीनशे फेऱ्या. दर फेरीत दीडशे प्रवासी धरले तर वर्षाला साडेबावन्न हजार प्रवासी आणि तीन वर्षांत दीड लाखांहून अधिक. वीस लाख रुपये एवढ्यांत वाटले तर दर प्रवाशामागे सुमारे तेरा रुपये येतात. एका कप चहाचे पैसे! हे पाहून आम्ही सर्वच गप्प झालो. कारण आम्हीही गावाला किंवा दिल्लीला जाताना सर्वांत स्वस्त तिकीट कोठे मिळते तेच शोधतो. ते तेरा रुपये आपण देत नाही, म्हणून ते अमळनेरच्या चार एकरांतून वसूल होतात.

प्रवाशांचा संबंध तिकिटापुरता नाही. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री अमेरिकेत बफेलो शहराजवळ कोल्गन एअर या कंपनीचे विमान एका घरावर कोसळले. विमानातील एकोणपन्नास आणि घरातील एक अशी पन्नास माणसे दगावली. वेग कमी झाल्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने जे करायला हवे त्याच्या उलट केले, असे चौकशीत आढळले. पण त्या चौकशीत आणखीही काही पुढे आले. चोवीस वर्षांची सहवैमानिक तुटपुंज्या पगारावर काम करीत होती. ती आईवडिलांकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला राहत होती, रात्रभर प्रवास करून कामावर आली होती आणि विमानतळावरच्या विश्रांतीच्या खोलीत तिने डुलकी काढली होती. दोघांच्या थकव्याचा कामावर परिणाम झाला असावा, असे चौकशी मंडळाने नोंदले. ओढग्रस्तीने अपघात झाला असे मी म्हणत नाही. पण पैशाची विवंचना घेऊन बसलेला माणूस आजारी असतानाही कामावर येतो, थकला असतानाही नाही म्हणत नाही, हे आपण आपल्या कारखान्यांतही पाहतो. आपल्या जिवाची दोरी ज्याच्या हाती द्यायची त्याच्या मानेवर सावकार बसवावा काय?

आणखी एक गोष्ट. जो पैसे भरू शकेल त्यालाच दार उघडायचे ठरले तर कंपनी उत्तम वैमानिक निवडते असे कसे म्हणता येईल? ती ऐपत असलेल्यांतून उत्तम निवडते. फिटरच्या मुलाची परीक्षा मग विमानात होत नाही, बापाच्या सातबाऱ्यावर होते.

म्हणून आमचे मत हळूहळू असे बनले की, परवान्यापर्यंतचा खर्च शिकणाऱ्याने सोसावा, कारण ती विद्या सर्वस्वी त्याची आहे. पण नोकरीसाठी निवड झाल्यावर मालकाच्या विमानासाठी लागणारे शिक्षण मालकाने द्यावे आणि त्याच्या मोबदल्यात चाकराने काही वर्षांचे वचन द्यावे. एकाने पैसा द्यावा, दुसऱ्याने काळ द्यावा.

यावर तिसऱ्या आठवड्यात आमच्यातील एक सिस्टर बोलल्या. त्या आता एका दवाखान्यात मुख्य परिचारिका आहेत. "वचन म्हणजे बाँडच ना?" त्या म्हणाल्या. "मी बाँडवर काम केले आहे. शिक्षण झाल्यावर पहिल्या नोकरीत माझी मूळ प्रमाणपत्रे ऑफिसच्या कपाटात गेली. दोन वर्षे पुरी होईतो मिळणार नव्हती. आई आजारी पडली तेव्हा मला गावाजवळ नोकरी मिळत होती, पण हातात कागद नव्हते. आई गेली तेव्हा बाँडचे पाच महिने उरले होते." त्या दवाखान्याचे नाव त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आमच्या पाळकसाहेबांनी अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायातील एका लहानशा नियमाची आठवण दिली. कर्ज देणाऱ्याने कर्जदाराचे जाते, किंवा त्याचा नुसता वरचा दगडही, गहाण घेऊ नये असे तेथे सांगितले आहे. कारण जाते नेणे म्हणजे त्या घराचे जगणेच ओलीस ठेवणे होय. गहाण घेण्यास सरसकट मनाई नाही; पण ज्यावर माणूस रोज भाकरी मिळवतो ती वस्तू सोडून घ्या. परिचारिकेची प्रमाणपत्रे, वैमानिकाचा परवाना, हे त्यांचे जाते आहे. हिऱ्याच्या कारखान्यातला तो तरुण हलकेच म्हणाला, "घंटी."

मग चांगला बाँड कोणता आणि वाईट कोणता? याकोबाने राहेलीसाठी सात वर्षे चाकरी केली. वचन दोघांनी दिले होते, पण पाळले एकानेच. लाबानाने लेआ पुढे केली, आणखी सात वर्षे मागितली आणि पुढे वेतनही वरचेवर बदलले. बाँडचा दोष त्याच्या वर्षांत नसून लाबानाच्या वृत्तीत असतो. आम्ही चार कसोट्या ठरवल्या. रक्कम खऱ्या खर्चाएवढीच असावी, दंड म्हणून फुगवलेली नसावी. जेवढे महिने काम केले तेवढी ती कमी होत जावी. कंपनी बंद पडली किंवा तिनेच काढून टाकले तर ती माफ व्हावी. आणि कागदपत्रे माणसाच्या घरी असावीत.

आपला कायदाही याच वाटेवर आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे करारात कितीही मोठा आकडा लिहिला तरी न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाईच देते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच्या विजया बँकेच्या एका प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट योग्य ठरवली. म्हणजे बाँड ही थट्टा नाही, आणि फास होण्याचेही कारण नाही.

येथे आपल्या तरुणांना एक शब्द सांगितला पाहिजे. कंपनीच्या पैशाने शिकून, सहीची शाई वाळण्यापूर्वी दुसरीकडे जाणारा माणूस फक्त कंपनीला फसवत नाही. तो आपल्यामागून येणाऱ्या गरीब मुलाचे दार लावून घेतो. अशा प्रत्येक अनुभवानंतर कंपनी म्हणते, आता आधी पैसे आणा. आमच्या बंधूंपुढे जी अट आली तिच्यामागे कोणीतरी मोडलेली वचनेही आहेत. मालकाकडे न्याय मागणाऱ्याने आपल्या होयचा अर्थ होयच ठेवला पाहिजे.

शेवटी झाले ते असे. मुलाने कंपनीला पत्र लिहून तीन गोष्टी विचारल्या. शिक्षणाचे पैसे पगारातून महिन्याच्या महिन्याला कापून घ्याल काय? कंपनीने काम दिले नाही तर उरलेली रक्कम सोडाल काय? शिक्षण पुरे झाल्यावर नोकरी नक्की मिळेल असे लेखी द्याल काय? उत्तर आले की, नियम सर्वांना सारखे आहेत आणि नोकरीची हमी देता येत नाही. त्या एका ओळीने निर्णय सोपा केला. जी कंपनी स्वतः काही वचन देत नाही तिच्यासाठी शेत गहाण ठेवायचे नाही असे बापलेकांनी ठरवले. मुलगा आता, खर्च आपण करून पाच वर्षे मागणाऱ्या एका ठिकाणच्या परीक्षेची तयारी करीत आहे. जागा थोड्या आहेत. निवड होईलच असे नाही. त्याची आई अजून म्हणते की, आलेली संधी घालवली की काय. तिला खात्रीचे उत्तर आमच्यापाशी नाही. आम्ही तिच्याबरोबर प्रार्थना करतो.

पण या तीन आठवड्यांत एक फरक आमच्यातही पडला. आमच्यात एक जण शिवणकामाचे दुकान चालवतात, एकाचे गॅरेज आहे. दोघांकडे शिकाऊ मुले आहेत. गॅरेजवाल्या बंधूंनी मोडलेल्या पान्याचे पैसे शिकाऊ मुलाच्या हातखर्चातून कापले होते. ते त्यांनी परत केले. आणि सिस्टरांच्या दवाखान्यात नव्या मुली कामावर येतात तेव्हा त्या स्वतः मूळ प्रमाणपत्रे पाहतात, नक्कल ठेवून घेतात आणि मूळ कागद त्याच दिवशी त्यांच्या हाती परत देतात.